गुडघ्याच्या खाली

१

पन्नाशी ओलांडली तरी घरात तिचं नाव बेबीच राहिलं होतं. बाहेर सगळे बेबीताई म्हणत. नुसती बेबी म्हणून हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं, तिचे वडील, आणि त्यांच्या तोंडूनही ती हाक धड उमटत नव्हती. झटका आल्यापासून बाबांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही जवळजवळ गेलंच होतं. उरले होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शब्द. एके काळी शाळेत व्यायामाचे मास्तर असलेला तो दांडगा माणूस आता मागच्या खोलीत पलंगावर पडून असे, आणि त्याला कुशीवर वळवता वळवता बेबीताईची कंबर दिवसाकाठी चारदा मोडे.

अलार्म बसवायचं खूळ तिच्या धाकट्या भावाचं. तो दुसऱ्या गावी असायचा. गल्लीतलं एक घर भरदिवसा फोडल्याचं कळलं तसा त्याने धोशाच लावला. "अगं ताई, तू दुकानात, बाबा एकटे. कोणी शिरलं तर त्यांना ओरडताही यायचं नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण लांबच्या माणसाची काळजी जवळच्याच्या अंगावर काम होऊन पडते, तसंच झालं. बेबीताईने दुकानातून सुट्टी घेतली, भिंतीलगतचं सामान हलवलं, ड्रिलचा भुगा दोनदा झाडला. मेकॅनिक गोल पोटाचा, तोंडाचा पट्टा सतत चालू असलेला माणूस होता.

"मॅडम, सगळं शब्दांत आहे," तो म्हणाला. "शब्द कळले की सिस्टीम कळली. हा दाराजवळचा कीपॅड. घराचे भाग पाडलेत, एकेका भागाला म्हणायचं झोन. झोन एक पुढचं दार, झोन दोन मागचं. त्यांना चुंबक लावलेत. दार उघडलं की जोडी फुटते, यंत्राला कळतं. झोन तीन पॅसेज, झोन चार स्वयंपाकघर. तिथे वर कोपऱ्यात मोशन सेन्सर बसवलेत. त्यांना माणूस दिसत नाही. ऊब हललेली दिसते."

"आणि बाबांची खोली?"

"तिथे काही नाही. त्यांनी खाजवलं तरी बोंब व्हायची." तो आपल्याच विनोदावर हसला. "आता आर्म करणं म्हणजे पहारा बसवणं, डिसआर्म म्हणजे पहारा उठवणं. त्यातही दोन तऱ्हा. 'स्टे' म्हणजे माणसं घरात आहेत, नुसती दारं जागी. 'अवे' म्हणजे घर रिकामं, सगळं जागं. कळलं?"

"मी जाते तेव्हा घर रिकामं नसतं," बेबीताई म्हणाली. "भरलेलंही नसतं म्हणा."

मेकॅनिकने मान खाजवली. "वडील चालतात?"

"बसवलं तर बसतात. तेही धरून."

"मग 'अवे'च टाकत जा. पॅसेजमध्ये हलणारं कोणी नाहीच."

२

बेबीताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे काडी टोचते का विचारायचं, थोडी गरम करून वाकवायची, पुन्हा बसवायची. काम बसून होतं, म्हणून तिला दुकान म्हणजे विसावाच वाटे. सकाळी बाबांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, नळीचा पेला डाव्या हाताशी ठेवणं. मग कीपॅडवर 'अवे' दाबलं की बाहेर पडायला थोडा अवधी मिळे. तेवढा वेळ यंत्र टुकटुक करत राही, आणि ती टुकटुक ऐकली की तिला वाटे, कोणीतरी पाठीत बोट खुपसून म्हणतंय, नीघ, नीघ, नीघ.

पहिला फोन आला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या कानामागे वाकली होती.

"कंट्रोल रूममधून बोलतेय," एका तरुण मुलीचा आवाज आला. "तुमच्याकडे झोन तीनचा अलार्म आलाय. पॅसेज. घरात कोणी आहे का?"

"आहेत. पण ते धरायचे नाहीत."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते सांगत बसायला वेळ नव्हता. ती धावत घरी गेली. सायरन गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होता आणि लोक खिडक्यांत उभे होते. पुढचं दार बंद, कुलूप शाबूत. मागच्या दाराची कडी आतून लागलेली. तिने कोड दाबला आणि एकदम शांत झालं, इतकं की तिला स्वतःचा श्वास घोड्यासारखा ऐकू आला.

बाबा जागे होते. एवढ्या गोंगाटात झोपणार तरी कसे? ते दाराकडे बघत होते. ती दारात येऊन उभी राहिली तरी त्यांची नजर तिच्या तोंडाकडे वळली नाही. तिच्या पायांकडेच राहिली.

३

मग ते नित्याचंच झालं. फोन, झोन तीन, पॅसेज. कधी दोन दिवसांआड, कधी लागोपाठ. दरवेळी दारं बंद, खिडक्या बंद, घरातली वस्तू न् वस्तू जागच्या जागी. सुरुवातीला खिडक्यांत येणारे शेजारी यायचे थांबले. लांडगा आला रे आला म्हणून धावायला लोकांना तरी कुठे वेळ असतो? दुकानाचे मालक सज्जन होते, म्हणून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "बाई, एक काय ते ठरवा. तुम्ही इकडे असता की तिकडे?" ते रागावून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मेकॅनिक यायचा, शिडी लावायचा आणि दरवेळी नवं कारण शोधून काढायचा. "याला आम्ही फॉल्स अलार्म म्हणतो मॅडम. खोटी बोंब. सेन्सरवर कोळी बसला की होतं." कोळी काढला. मग म्हणाला, ऊन येत असेल, फरशी तापत असेल. तिने पडदा लावला. मग म्हणाला, पडदा हलत असेल. तिने पडदा काढला.

तिला यातलं काही खोटं वाटलं नाही. खरं सांगायचं तर खोटं वाटून घ्यायलाही अंगात जोर लागतो. तिला एवढंच हवं होतं की फोन येऊ नये.

त्याच सुमारास एका सकाळी ती आरशासमोर केस विंचरत होती. पहारा अजून बसवलेला नव्हता. पॅसेजमधून आवाज आला. ओलं फडकं पिळून, फरशीवरून सावकाश ओढत नेल्यासारखा. ओढ, थांब. ओढ, थांब. हात केसांतच ठेवून ती ऐकत राहिली. काल आपण फरशी पुसली का, असा एक खुळा विचार तिच्या मनात आला. मग स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती तिकडे पळाली. पॅसेजमध्ये काही नव्हतं. फरशीही कोरडी होती.

४

"घरात कुत्रं-मांजर आहे?" पुढच्या खेपेला मेकॅनिकने शिडीवरून विचारलं.

"माणसांचंच होत नाही. कुत्रं कुठून पाळू?"

"नसू द्या. तरी ती सेटिंग करून देतो. पाळीव जनावरं असली की वापरतात. मग सेन्सर साधारण गुडघ्याच्या वरचंच बघतो. खालून काय जाईल ते सोडून देतो." त्याने झाकण उघडून आत काहीतरी इकडचं तिकडे केलं. "उंदीर-घूस काहीतरी असणार. आता बिनघोर राहा."

आणि खरोखरच फोन थांबले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बेबीताई दुकानात पूर्ण वेळ बसू लागली. मालकांनी एकदा स्वतःहून तिच्यासाठी चहा मागवला. रविवारी दुपारी बाबांना भरवून झाल्यावर ती बाजूच्या खुर्चीत टेकली ती दिवेलागणीलाच जागी झाली, तोंडातून लाळ गळेपर्यंत झोपली होती. भावाला तिने फोनवर सांगितलं, "हो रे, छान चाललीय तुझी सिस्टीम." त्याने म्हटलं, "बघ, मी सांगत नव्हतो?"

५

ते ध्यानात आलं दुकानात, आणि तेही एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कुरकुरीमुळे. त्यांनी दोन नंबरांचा नवा चष्मा नेला होता आणि तो परत घेऊन आले होते.

"अहो, समोरचं लख्ख दिसतं," ते म्हणाले. "पण खाली बघितलं की सगळा घोळ. पायाशी काय आहे तेच कळत नाही. काल नातवाला तुडवणार होतो, रांगत आला होता."

"सवय होईल आजोबा," बेबीताई नेहमीसारखी म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

सेन्सर बिघडलेला असता, तर सेटिंग बदलूनही बोंबललाच असता. ऊन असतं, पडदा असता, तरीही. तो गप्प झाला याचा अर्थ एकच होत होता. आधी तो खोटं बोलत नव्हता.

घरी आली तेव्हा तिने पिशवीही खाली ठेवली नाही. पॅसेज म्हणजे काही मोठा नव्हता. बैठकीच्या खोलीतून निघायचा, स्वयंपाकघरावरून जायचा आणि बाबांच्या खोलीपाशी काटकोनात वळायचा. त्या वळणावर भिंतीचा रंग खालच्या बाजूला काळपट पडला होता. ती रोज तिथून जात होती, पण रोज जाताना कोण भिंतीच्या खालच्या भागाकडे बघतं? तिने बोट लावलं. गुळगुळीत, किंचित तेलकट. वर्षानुवर्षं डोकं टेकून बसलेल्या माणसामागची भिंत अशी होते. इथे तो पट्टा तिच्या गुडघ्याच्याही खाली होता आणि वळणाच्या कोपऱ्यावर सर्वांत दाट होता, तिथून वळताना कोणाचा तरी खांदा रोज घासत असावा तसा.

तिने साबणाचं पाणी केलं आणि तो पट्टा निघेपर्यंत घासला. मग बाबांकडे गेली.

"बाबा, तुम्ही पलंगावरून उतरता का?"

हा प्रश्न विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने पांघरूण बाजूला करून त्यांचे गुडघे पाहिले, कोपरं पाहिली. लहान मुलासारखी मऊ, पांढरी कातडी. त्यावर फरशीचा कणही नव्हता.

बाबांनी मान हलवली. नाही. मग बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करून ते म्हणाले, "खाली."

"खाली उतरायचंय? खुर्चीत बसवू?"

"नको." डोळे उंबऱ्याकडे गेले. "खाली... बेबी... खाली."

६

घूस असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पिंजरा आणला. तो तसाच रिकामा राहिला. पट्टा मात्र पुन्हा उमटला.

मग लहानसहान गोष्टी दिसू लागल्या, आणि त्यांची भीती वाटावी असंही त्यांत काही नव्हतं. बाबांचा पेला कलंडून चादर भिजलेली असे, पण पेला पलंगाच्या पायाशी सरळ ठेवलेला आणि फरशी पुसून घेतलेली. पलंगाखाली गेलेली चप्पल जोडीला येऊन बसलेली. घसरलेल्या पांघरुणाचं टोक गादीखाली खोचलेलं, तेही फक्त खालच्या बाजूने. आपणच केलं असेल आणि विसरलो असू, असं तिला वाटे. ती हल्ली काय काय विसरत नव्हती? एकदा तर दुकानात स्वतःचाच चष्मा डोक्यावर ठेवून शोधत बसली होती.

पण एका दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत घरी आली आणि चपला काढून आवाज न करता बाबांच्या खोलीकडे गेली. ते पलंगाच्या कडेला सरकून पडले होते. डोळे मिटलेले होते. चेहरा मात्र आजारपणापूर्वीचा असावा तसा निवांत. चांगला डावा हात पलंगाखाली लोंबत होता आणि तो हलत होता. सावकाश मागे-पुढे, मागे-पुढे. कोणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवावा तसा.

ती दारातच थांबली. पलंगाखालचं तिच्या उभ्या नजरेला दिसत नव्हतं. चादर पुष्कळ खालपर्यंत आली होती. थोडं वाकलं असतं तर दिसलं असतं. वाकायला काय लागतं? ती दिवसभर वाकतच असते.

ती वाकली नाही. घसा खाकरून म्हणाली, "बाबा, मी आले."

हात थांबला. थोडा वेळ तसाच लोंबत राहिला आणि मग वर आला.

७

मेकॅनिकला तिने फोन केला तेव्हा तो वैतागला. "मॅडम, वाजतंय तेव्हा बोलावता ते समजू शकतो. वाजत नाही म्हणूनही बोलावता?"

"उंदराने वाजतो का हो तो सेन्सर?"

"उंदराने नाही. जरा मोठं लागतं."

"केवढं?"

"बघतो येऊन," तो म्हणाला.

तो आला, तेव्हा सकाळचं स्वच्छ ऊन पॅसेजमध्ये पडलं होतं. त्याने कीपॅडवर काही बटणं दाबली. "याला वॉक टेस्ट म्हणतात. सायरन वाजणार नाही. सेन्सरला हालचाल दिसली की त्यावरचा लाल दिवा लागेल. तुम्ही फक्त दिव्याकडे बघा." तो पॅसेजमधून चालला. दिवा लागला. परत आला. लागला. "बघितलंत? ठणठणीत आहे. आता रांगून बघतो. सेटिंग बरोबर असेल तर लागणार नाही."

बेबीताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पोट सावरत तो गुडघ्यांवर आला. "बायकोने बघितलं तर म्हणेल, घरी कधी लादी पुसली नाही आणि इथे..." असं काहीबाही बडबडत तो रांगत निघाला. दिवा लागला नाही. बाबांच्या खोलीपाशी तो वळला. तिला आता त्याचे फक्त तळवे दिसत होते, मोज्याला एक भोक पडलेलं.

बडबड थांबली. वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं.

तळवे हलत नव्हते. ती वाट बघत राहिली. कुठेतरी नळ ठिबकत होता. मग ते तळवे तिच्याकडे सरकू लागले. तो वळून येत नव्हता. समोरची नजर न काढता मागे मागे येत होता, हात-गुडघे टेकत, एका वेळी एक. तिच्या जवळ आल्यावर भिंतीचा आधार घेऊन उभा राहिला. त्याने पँटही झटकली नाही.

"घूस आहे?" तिने विचारलं.

"नाही." त्याने कपाळ पुसलं. "मॅडम, घरात तुम्ही दोघंच ना?"

"दोघंच."

"दोघंच," तो म्हणाला, जसं काही पाठ करायचं होतं. हत्यारं त्याने मिळतील तशी पिशवीत कोंबली. दारात पोचल्यावर त्याने कीपॅड पूर्ववत केला आणि तिच्याकडे न बघता बोलला. "झोन बरोबर चालतोय. बिघाड काही नाही. फक्त एक ऐका माझं. वाकून बघू नका. उभ्याने काही दिसत नाही. उभ्यानेच वावरा."

"पण काय आहे?"

"त्यानेही मान वर करून बघितलं माझ्याकडे," मेकॅनिक म्हणाला आणि निघून गेला. पैसे मागायचंही विसरला.

त्याचा एक पेचकस पॅसेजच्या वळणावर पडून राहिला होता. बेबीताईने तो उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या दारापाशी चपलांशेजारी ठेवलेला होता, ज्याचा त्याने घेऊन जावा म्हणून.

८

माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. ते खरं आहे आणि तेच वाईट आहे. बेबीताईने लांब दांड्याचा झाडू आणला, लांब दांड्याचं पुसणं आणलं. हातातून वस्तू पडली की ती पडू देई. पुढे केव्हातरी ती स्टुलाच्या कडेला किंवा पायरीवर सापडे, जेवढ्या उंचीवर ठेवता यावी तेवढ्या. घरात ती मान ताठ करून फिरे. पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाईला कसला गर्व चढलाय.

घर सोडून जायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण कुठे जाणार? बाबांना रुग्णवाहिकेशिवाय हलवता येत नव्हतं. भावाकडे दोन खोल्यांत चार माणसं. आणि त्याला सांगणार तरी काय? पॅसेजची भिंत खालून मळते?

एक दिवस कीपॅडसमोर उभी असताना तिला मेकॅनिकने शिकवलेला आणखी एक शब्द आठवला. बायपास. एखादा झोन पहाऱ्यातून वगळायचा असला की बायपास करायचा. बाकी घर जागं, तेवढा भाग नाही. तिने झोन तीन निवडला आणि बटण दाबलं. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. तो सेन्सर तसाही गुडघ्याखालचं बघत नव्हता. पण आता वरचंही बघायचं कारण नाही, असं तिला कुठेतरी वाटलं असावं. आपण कोणालातरी मोकळीक देतोय हे कळत असूनही तिचं बोट अडखळलं नाही.

९

बाबा पडले त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. भरदुपार होती. बेबीताई ओट्याशी उभी होती आणि धप्प आवाज झाला, धान्याचं पोतं पडावं तसा.

ते पलंगाशेजारी फरशीवर पालथे पडले होते. उजवा निकामी हात अंगाखाली गेला होता, तोंड फरशीवर दाबलेलं, आणि घशातून घरघर येत होती. श्वास आत जात नव्हता. शेजारच्यांच्या दाराला सकाळपासून कुलूप होतं. दवाखान्याला फोन केला तर गाडी यायला वेळ लागणार, आणि तेवढा वेळ त्या घरघरीत नव्हता.

बेबीताईने खोलीच्या वरच्या अर्ध्या भागाकडे एकदा पाहिलं. खिडकी. कॅलेंडर. दोरीवर वाळत घातलेला पंचा. मग तिने डोळे गच्च मिटले आणि गुडघ्यांवर बसली.

चाचपडत तिने बाबांचं डोकं कुशीला वळवलं. घरघर थांबली, श्वास मोठ्याने आत गेला. तिने त्यांच्या बगलांत हात घातले आणि उचलायचा प्रयत्न केला. तसूभरही हलले नाहीत. पुन्हा केला. कंबरेतून कळ आली आणि डोळ्यांतून पाणी. "बाबा, थोडा जोर लावा ना," ती म्हणाली. त्यांच्यात जोर नाही हे तिला ठाऊक होतं. तरी उचलताना ती रोज हे म्हणायची. "माझ्याच्याने नाही होत हो. एकटीच्याने नाही होत."

आणि बाबा उचलले गेले.

पलीकडून कोणीतरी त्यांच्या कमरेखाली हात घातला होता. ओझं एकाएकी अर्धं झालं, मग अर्ध्याहून कमी. दोघांनी मिळून त्यांना कडेपर्यंत आणलं, क्षणभर दम घेतला आणि वर सरकवलं. जमलेल्या जोडीसारखं झालं सगळं, एकाचा हात कुठे कमी पडतोय ते दुसऱ्याला न सांगता कळावं तसं. गादी करकरली. बाबांनी मोठा सुस्कारा सोडला.

बेबीताई अजून गुडघ्यांवरच होती. तिच्या मनगटावर एक हात होता. गार असेल असं तिला वाटलं होतं. तो उबदार होता, खरखरीत होता, आणि काम संपल्यावर दमलेलं माणूस जिथे टेकतं तिथे टेकावा तसा टेकला होता.

तिने डोळे उघडले.

चेहरा तिने पाहिला नाही. चेहऱ्यापर्यंत नजर गेलीच नाही. पलंगाखालच्या अंधुकशा उजेडात तिला फक्त दोन गुडघे दिसले. माणसाचेच. त्यांवर घट्टे पडले होते, जाड, पिवळट, भेगाळलेले. टाचा असतात तसे. आयुष्यभर त्यांच्यावरच चाललेलं कोणीतरी, या खोलीतून त्या खोलीत, पाणी पुसत, चपला लावत, कोणाला न दिसता.

बेबीताई ओरडली नाही. ते गुडघे किती दुखत असतील, हे आधी तिच्या मनात आलं.

मग मनगटावरचा हात निघाला आणि फडकं ओढल्याचा तो आवाज पॅसेजच्या दिशेने गेला.

१०

भावाचा फोन त्यानंतर आठवड्याभराने आला, संध्याकाळी. त्याचा आवाज कधी नव्हे तो उत्साहात होता. ऑफिसातल्या कोणाच्या ओळखीने एक बाई मिळत होती. दिवसभर राहणारी, आजाऱ्याचं सगळं करणारी. पैशांचं तो बघणार होता.

"उद्यापासून पाठवू का?"

बेबीताई बाबांच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. उभ्याउभ्यानेच सगळं आवरून पाय भरून आले होते. तिने ते समोरच्या स्टुलावर घेतले होते, घरात हल्ली घ्यायची तसे, फरशीपासून वर. बाबांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती आणि आता उठायला हवं, असं ती मघापासून स्वतःला बजावत होती.

पलंगावर बाबांचं अंग हळूच हललं. गेलेली उजवी बाजू वर आली, पाठ तिच्याकडे झाली, पाठीमागे उशी बेताने सरकली. चादरीच्या कडेला काहीतरी होतं, ते तेवढ्यात खाली गेलं. बाबा कुशीवर वळून शांत पडून राहिले.

"ताई? ऐकतेयस ना? अगं, एकटीने किती करशील तू?"

"नको पाठवूस," ती म्हणाली.

"का?"

"चाललंय आमचं."

तो आणखी काही बोलत राहिला. तिने फोन मांडीवर ठेवला. पोटऱ्यांत ठणका लागला होता, अगदी हाडापर्यंत. तिने थोडा वेळ कळ सोसली. मग खाली न बघता एक पाय स्टुलावरून उतरवला, मग दुसरा, आणि तळवे फरशीला टेकवून डोळे मिटले.

पलंगाखालून तो आवाज सावकाश जवळ आला. खुर्चीपाशी थांबला. एक उबदार, खरखरीत हात तिच्या घोट्याभोवती बसला आणि हलकेच पाय चेपू लागला.